नियोजित वसाहत आणि मोकळी जागा : दादर-माटुंगा योजनेतील उद्यानांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मुंबईच्या सामाजिक इतिहासाचा विचार करताना गिरण्या, गोदी, चाळी आणि कामगार चळवळ यांचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो. शहरातील उद्याने व मैदाने मात्र बहुधा शोभेची स्थळे म्हणूनच वर्णिली जातात. वास्तविक कोणत्याही शहरात मोकळी जागा आपोआप शिल्लक राहत नाही. ती कोणीतरी, कोणत्या तरी हेतूने, कोणाची तरी जमीन घेऊन राखलेली असते. पुढे ती टिकते किंवा नाहीशी होते यालाही कारणे असतात. या दृष्टीने पाहता उद्यान हा इतिहासाचा एक दस्तऐवजच होय.

प्रस्तुत लेखात मुंबईतील दादर-माटुंगा या नियोजित उपनगरातील व त्यालगतच्या मोकळ्या जागांचा विचार केला आहे. या जागा कोणत्या कल्पनेतून निर्माण झाल्या, त्यांचा उपयोग कोणी व कसा केला आणि त्यांच्यावर हक्क कोणाचा, हे तीन प्रश्न या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत.

प्लेग आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी प्लेगचे निदान केले आणि मुंबईच्या जीवनात एक भयंकर पर्व सुरू झाले. हजारो लोक शहर सोडून गेले, व्यापार ठप्प झाला आणि दाट वस्तीतील कोंदट घरे हीच रोगाची जननी आहेत, असा निष्कर्ष सरकारने काढला. या पार्श्वभूमीवर १८९८ मध्ये स्वतंत्र कायदा करून ‘सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापन करण्यात आली. गलिच्छ वस्त्या पाडणे, नवे रुंद रस्ते काढणे आणि शहराच्या उत्तरेकडील मोकळ्या भूभागावर नव्या वसाहती वसवणे ही तिची प्रमुख कामे होती.

येथे एक विरोधाभास नोंदवणे आवश्यक आहे. ट्रस्टची सारी योजना ‘हवा आणि उजेड’ या सूत्रावर आधारलेली होती. दूषित हवेतून रोग पसरतो, ही जुनी धारणा तिच्यामागे होती. परंतु ज्या वर्षी ट्रस्टचा कायदा झाला त्याच १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने कराची येथे प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे दाखवून दिले. पुढे १९०५ नंतर मुंबईत काम केलेल्या प्लेग संशोधन आयोगानेही त्यास पुष्टी दिली. म्हणजे ज्या शास्त्रीय समजुतीच्या आधारे शहरात मोकळ्या जागा राखण्याचे धोरण आखले गेले, तीच समजूत तेव्हा मागे पडत होती. तरीही त्या धोरणातून झालेला लाभ खोटा ठरत नाही. चुकीच्या निदानातून योग्य उपचार घडल्याचे हे एक उदाहरण मानता येईल.

याच १८९८ मध्ये इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांचे उद्यान-नगराची कल्पना मांडणारे पुस्तक प्रसिद्ध झाले व १९०३ मध्ये लेचवर्थ येथे तिला मूर्त रूप येऊ लागले. जमीन एकाच संस्थेच्या मालकीची असावी व ती भाडेपट्ट्याने द्यावी, हे तत्त्व हॉवर्ड यांच्या कल्पनेत आणि ट्रस्टच्या कारभारातही आढळते. फरक हेतूचा होता. हॉवर्ड यांच्या मते जमिनीच्या वाढत्या मूल्याचा लाभ तेथील समाजाला मिळावयाचा होता, तर ट्रस्टला त्या उत्पन्नातून आपले कर्ज व व्याज फेडावयाचे होते.

शेतजमिनीपासून वसाहतीपर्यंत

१८९९-१९०० या काळात ट्रस्टने दादर-माटुंगा व शीव-माटुंगा या योजना हाती घेतल्या. आराखड्यानुसार या दोन्ही ठिकाणी प्रत्येकी सुमारे ६०,००० लोकांची वस्ती अपेक्षित होती. त्या वेळी हा भूभाग भातखाचरे, ताडामाडांच्या वाड्या, सखल पाणथळ जागा आणि जुनी गावठाणे यांचा होता. तेव्हा येथे हिरवळ नव्हती असे नाही. ट्रस्टने उत्पादक हिरवळ काढून तिच्या जागी विश्रांतीची हिरवळ आणली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. भूसंपादन, भरणी आणि रस्तेबांधणी यांत बरीच वर्षे गेली. पहिल्या महायुद्धामुळे कामे रखडली आणि प्रत्यक्ष वस्ती मुख्यत्वे १९२० व १९३० च्या दशकांत वाढली.

भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देताना ट्रस्टने बांधकामावर अटी घातल्या. यांपैकी प्रकाशासंबंधीचा नियम विशेष लक्षणीय आहे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१० च्या दशकात साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. खोलीच्या बाहेर, समोरच्या बांधकामाच्या उंचीच्या साधारणपणे निम्मी तरी मोकळी जागा असावी, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होतो. समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर मध्ये वीस फूट अंतर हवे. इमारतींमधील अंतर, रस्त्यांची रुंदी आणि उद्यानांसाठी सोडलेले भूखंड या सर्वांमागे हेच गणित होते. उद्यान हे जणू वसाहतीचे फुप्फुस मानले गेले.

परंतु वसाहत जशी कल्पिली होती तशी ती झाली नाही. जमिनीची किंमत आणि मध्यमवर्गाची ऐपत यांचा मेळ बंगल्यांशी बसेना. त्यामुळे तीन-चार मजली इमारती व त्यांतील स्वतंत्र सदनिका हाच प्रकार रूढ झाला. इतिहासकार निखिल राव यांनी या उपनगरांवरील आपल्या २०१३ मधील ग्रंथाला ‘हाउस, बट नो गार्डन’ असे नाव दिले आहे. घर मिळाले, पण घरापुढची बाग मिळाली नाही, ही वस्तुस्थिती त्यातून सूचित होते. येथेच सार्वजनिक उद्यानाला वेगळे महत्त्व प्राप्त झाले. खासगी अंगण हरवलेल्या कुटुंबांसाठी ते सामायिक अंगण बनले.

पाच उद्याने

या योजनेचा सर्वांत परिचित भाग म्हणजे दादर पारशी कॉलनी. ट्रस्टचे अभियंता मंचेरजी एदलजी जोशी यांनी सरकारकडे पाठपुरावा करून निम्न व मध्यम उत्पन्नाच्या पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून घेतले. नियोजनात रस्त्यांइतकेच वृक्षांनाही स्थान होते. मुंबईतील इतर पारशी बागांभोवती तटबंदी वा कुंपण दिसते. दादरची ही वसाहत मात्र भिंतीविना वसली. तिच्या लगतची पाच उद्याने रस्त्यांच्या संगमाभोवती मांडलेली असून त्यांना आज मंचेरजी जोशी यांचे नाव आहे.

वसाहतीचे भूखंड जातिधर्मानुसार विभागले गेले, हेही नजरेआड करता येत नाही. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, माटुंग्यातील दाक्षिणात्यांची वस्ती अशी ही रचना होती. याच हिंदू कॉलनीत १९३० च्या दशकाच्या आरंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या ग्रंथसंग्रहासह राहण्यासाठी ‘राजगृह’ बांधले, ही घटना त्या रचनेच्या पार्श्वभूमीवर अधिक अर्थपूर्ण वाटते. घरे विभागलेली होती. उद्याने मात्र नगरपालिकेची, म्हणजे तत्त्वतः सर्वांची होती. शेजारच्या वसाहतीतील माणूस घरात येणार नाही, पण बाकावर शेजारी बसेल, अशी ही नवी नागरी मर्यादा होती. माटुंग्यात १९२३ मध्ये आलेली व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्था आणि १९३७ मध्ये सुरू झालेली रुईया व खालसा ही महाविद्यालये यांमुळे विद्यार्थ्यांचा एक मोठा वर्गही या मोकळ्या जागांचा वापर करू लागला.

शिवाजी पार्क : उद्यान की मैदान?

दादरच्या पश्चिमेस महानगरपालिकेने १९२५ मध्ये खुले केलेले माहीम पार्क हे या इतिहासाचे दुसरे अंग आहे. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्यास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. १९१८ मध्ये महात्मा गांधींचे मराठी चरित्र लिहिणाऱ्या या कार्यकर्तीने केलेली सूचना केवळ नामांतराची नव्हती. वसाहती प्रशासनाने आखलेल्या जागेवर राष्ट्रीय स्मृतीची मुद्रा उमटवण्याचा तो प्रयत्न होता.

सुमारे २८ एकरांच्या या जागेच्या नावात ‘पार्क’ असले तरी तिचे स्वरूप मैदानाचे राहिले. आखीव पायवाटा व फुलांचे ताटवे असलेल्या उद्यानात माणूस फेरफटका मारतो. मैदानात तो खेळतो, जमतो, ऐकतो. शिवाजी पार्कने क्रिकेटपटूंच्या अनेक पिढ्या घडवल्या. रमाकांत आचरेकर यांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर येथेच घडला. संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या सभा येथे गाजल्या आणि ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला मेळावाही येथेच झाला. भोवतीचा कट्टा हे ज्येष्ठांचे, तरुणांचे आणि कुटुंबांचे रोजचे बसण्याचे ठिकाण झाले. हवा आणि उजेड यांसाठी राखलेली जागा अशा प्रकारे लोकमत घडवणारी जागा ठरली. ट्रस्टच्या किंवा पालिकेच्या आराखड्यात हा उपयोग नव्हता.

हक्क कोणाचा?

या इतिहासाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. प्लेगच्या नावाखाली जुन्या शहरातील ज्यांची घरे पाडली गेली, ते बहुतांशी गरीब कामगार होते. दादर-माटुंग्याच्या सदनिकांचे भाडे त्यांना परवडणारे नव्हते आणि कामाचे ठिकाणही दूर होते. परिणामी ते पाडलेल्या वस्तीशेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागले. गर्दी कमी करण्यासाठी काढलेल्या योजनेने काही भागांत गर्दी वाढवली आणि मोकळ्या जागेचा लाभ प्रामुख्याने कारकून, शिक्षक, वकील व व्यापारी या वर्गाला झाला. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यातील काही नगरांचा अभ्यास करणारे आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकवणारे पॅट्रिक गेडेस यांचा अशा सरसकट पाडकामाला विरोध होता. जुनी वस्ती राखून, मोजकीच घरे काढून, गल्लीगल्लीत लहान मोकळ्या जागा कराव्यात, ही त्यांची भूमिका होती. ती मुंबईत स्वीकारली गेली असती तर हिरवळीची वाटणी कदाचित वेगळी झाली असती.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. मे २०१० मध्ये रहिवाशांच्या याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क परिसर शांतता क्षेत्र मानण्याचा आदेश दिला. ध्वनिप्रदूषण, धूळ आणि खेळाच्या वेळांवर होणारे आक्रमण यांविषयीची रहिवाशांची तक्रार रास्त होती. त्याच मैदानावर दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी येणाऱ्या दूरदूरच्या अनुयायांच्या निवाऱ्याची व्यवस्था केली जाते. ज्यांना या शहरात स्वतःची खोली नाही, त्यांच्यासाठी ते काही दिवस छप्पर ठरते. रहिवासी मैदानाची रोज काळजी घेतो, म्हणून त्याचा शब्द महत्त्वाचा. परंतु मैदान त्याच्या इमारतीचे आवार नव्हे. २०१६ च्या आरंभी उद्याने व मैदाने खासगी संस्थांना दत्तक देण्याच्या पालिकेच्या धोरणावर तीव्र टीका झाली व राज्य सरकारने त्यास स्थगिती दिली, तेव्हाही मूळ मुद्दा हाच होता. देखभालीची जबाबदारी घेणाऱ्याला प्रवेश नाकारण्याचा अधिकार मिळतो काय?

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. दादर-माटुंगा योजनेतील मोकळ्या जागा सौंदर्यदृष्टीपेक्षा सार्वजनिक आरोग्याच्या, तेही कालबाह्य होत चाललेल्या, कल्पनेतून निर्माण झाल्या.

२. सदनिकांच्या प्रसारामुळे खासगी बाग नाहीशी झाली आणि सार्वजनिक उद्यान हे मध्यमवर्गीय कुटुंबजीवनाचा आवश्यक भाग बनले.

३. १९३३ मध्ये ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला, तरी या जागा टिकल्या. केवळ आराखड्यातील नोंदीमुळे त्या टिकल्या असे म्हणता येत नाही. रोजच्या वापरातून त्यांचे रक्षण करणारा समाज तयार झाला, हे त्याचे प्रमुख कारण होय.

४. नियोजनात ज्यांची गणना झाली नाही, त्यांनी मैदानावर येऊन आपली गणना करून घेतली. त्यामुळे उद्यानावरील हक्काचा निकष केवळ निकटचे वास्तव्य असू शकत नाही.

आज महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत नव्या वसाहतींच्या जाहिरातीत बाग ठळकपणे दाखवली जाते. मात्र ती बहुधा प्रवेशद्वाराच्या आत, सभासदांपुरती असते. दादरच्या भिंतीविना वसलेल्या वसाहतीचा इतिहास अशा वेळी पुन्हा वाचण्याजोगा आहे. शहर विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात तेव्हा आपल्या महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल व समाजशास्त्र विभागांनी आपापल्या गावातील मोकळ्या जागांच्या नोंदी, मालकी आणि वापर यांचा अभ्यास करून तो नागरिकांसमोर ठेवला, तर स्थानिक इतिहासाला खऱ्या अर्थाने सामाजिक उपयुक्तता लाभेल.