बैलाच्या खांद्यापासून ट्रॅक्टरच्या हुकापर्यंत

गाडीमागे घर जोडून फिरायला निघायचं, ही अमेरिकेतली हौस. कोणता पिकअप किती वजन ओढेल, यावर तिथं हिरीरीनं वाद चालतात. आपल्याकडे पिकअप सहसा ओढत नाही, ओझं पाठीवर घेतो. २००५ साली आलेला ‘छोटा हत्ती’ त्यातलाच. पण ओढणाऱ्या वाहनांची तुलना आपल्या सोलापूर जिल्ह्यातही पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. इथंही गाडीसोबत संसार असतो, फक्त तो हौसेनं निघालेला नसतो. मी बोलतोय ऊसतोडीबद्दल.

१९३२ साली सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरच्या कारखान्याची मुहूर्तमेढ रोवली. पुढे सहकारी कारखाने आले, १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि उसाचं क्षेत्र वाढत गेलं. आता ऊस तोडला की त्यातली साखर घटायला लागते. म्हणजे तोडणीइतकीच महत्त्वाची ठरली वाहतूक.

लाकडी चाकाच्या गाडीची जागा टायरगाडीनं घेतली. रबरी टायरमुळे तीच बैलजोडी कितीतरी जास्त ओझं ओढू लागली. बैलाचे कष्ट कमी झाले का? नाही. मजुरी टनावर, त्यामुळे जेवढी सोय झाली तेवढा ऊस वाढला. बैलाचे खांदे सुजले, ते सुजलेलेच राहिले.

यातलं गणित गाडीवानाला पक्कं ठाऊक असतं. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळते, पुढे जास्त झालं की जू मानेवर बसतं. अमेरिकेतला पिकअपवालाही हेच पाहतो: फिरत्या घराच्या वजनातला साधारण १० ते १५ टक्के भार हुकावर हवा. कमी पडला तर मागचं घर रस्त्यावर झोके खातं. विद्या एकच आहे बरं का!

मग आला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. आता तर मिनी ट्रॅक्टरला टायरगाडी जोडतात, त्याला ‘जुगाड’ म्हणतात. ओढायची ताकद वाढली, पण थांबवायचं काय? पिकअपमागच्या मोठ्या घराला स्वतःचे ब्रेक असतात. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना नसतात. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. उतारावर मागचं ओझं पुढच्याला ढकलतं. रात्री मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसेल, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती अगदी जवळ गेल्यावर.

आणि संसार? बीडकडून, मराठवाड्यातून येणारं जोडपं म्हणजे हिशेबात ‘एक कोयता’. हंगामाआधी उचल घ्यायची, भांडीकुंडी, लेकरं घेऊन निघायचं, फडाजवळ कोपी घालायची. ‘गाडी सेंटर’वाल्याचा बैल मेला, तरी उचल फिटत नाही. ट्रॅक्टरच्या टोळीला बैलाची चिंता नाही, पण गाडी येईल तेव्हा, मध्यरात्रीसुद्धा, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढावं लागतं.

म्हणून वाहनांची तुलना करताना ‘किती ओढतं’ एवढंच विचारून भागत नाही. थांबतं कसं, आणि जास्तीचं ओझं शेवटी कुणाच्या खांद्यावर येतं, हेही विचारायला हवं. आपल्या जिल्ह्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर दर काही वर्षांनी बदललं. दुसऱ्याकडे लक्ष देणं अजून बाकी आहे. इथं थांबतो.