भांडीं धुणारें यंत्र

भांडीं घासण्याचें काम बहुधा स्त्रियांच्याच कपाळीं आलें. त्यांतून सुटण्याची टिकाऊ युक्तीहि एका स्त्रीनेंच काढली. अमेरिकेंतील शेल्बीव्हिलच्या जोसेफिन कॉक्रेनबाई १८८३ सालीं विधवा झाल्या. पतीमागें कर्ज उरलें. त्यांच्या यंत्राला १८८६ सालीं पेटंट मिळालें. बशांच्या मापाचे तारेचे खण आणि त्यांवर जोरानें येणारें साबणाचें कढत पाणी, हें त्याचें मर्म. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनांत त्याला पारितोषिक मिळालें; उपाहारगृहांनीं तें घेतलें. घरांत मात्र तें शिरेना, कारण तितकें कढत पाणीच घरोघर नव्हतें.

आजहि यंत्रांतून बशी खरकटी निघाली, तर पाण्याची वाट दुसऱ्या भांड्यानें अडली नाहीं ना, हें आधीं पाहावें. आणि यंत्र घेण्यापूर्वीं घरचें पाणी पाहावें. उणीव तेव्हांहि यंत्राची नव्हती, पाण्याची होती.