काचेच्या पेटीपर्यंत आणि पुन्हा कुशीत

'बाळाला काचेत ठेवलंय' एवढे शब्द कानावर पडले, की घरातल्या जाणत्या बायकांना पुढचे काही विचारावे लागत नाही. दिवस भरण्याआधी आलेला, किलो-दीड किलोचा जीव त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. पूर्वी अशा बाळाला कापसात गुंडाळत आणि बाळंतिणीच्या बाजेजवळ शेगडी पेटती ठेवत. युरोपातल्या सुइणीही त्याला लोकरीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवत. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते आणि ते स्वतःची ऊब धरून ठेवू शकत नाही, हे शास्त्राला कळण्याआधी या बायकांच्या हातांना कळले होते. आजच्या नवजात अतिदक्षता विभागाचा मागोवा घ्यायचा तर आपण या उबेपासूनच निघाले पाहिजे.

ऊब पेटीत साठवण्याचा पहिला प्रयत्न 1835 च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला. फोन रूएल या वैद्याने दुहेरी भिंतींच्या धातूच्या टबात गरम पाणी खेळवले. 1857 मध्ये बोर्दोच्या देन्यूसे यांनी तसाच टब वर्णिला, पण दोन्ही प्रयत्न विस्मरणात गेले. खरे वळण आले ते कोंबड्यांमुळे. 1878 मध्ये पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए तिथल्या प्राणिबागेत गेले असता, अंडी उबवणारे यंत्र त्यांच्या नजरेस पडले. ते बनवणाऱ्या ओदील मार्तें यांच्याकडूनच त्यांनी मुलांसाठी पेटी करून घेतली आणि 1880-81 च्या सुमारास ती पॅरिसच्या मातेर्निते रुग्णालयात आली. लाकडी पेटी, खाली गरम पाण्याचा साठा, वर काच. पुढे पाण्याच्या साठ्याऐवजी गरम पाण्याच्या बाटल्या आल्या आणि त्या दर दोन-तीन तासांनी बदलणे हेच परिचारिकांचे रात्रंदिवसाचे काम झाले. दोन किलोंहून कमी वजनाच्या मुलांमधले मृत्यू 66 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर आले. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या साध्या उपायाने इतके जीव वाचल्याची उदाहरणे थोडी आहेत.

तार्निए यांचे शिष्य प्येर ब्यूदँ यांना मात्र पेटीतली एक उणीव दिसली. बाळ पेटीत आणि आई घरी, अशी ताटातूट झाली की आईचे दूध आटते आणि पुढे तिची ओढही आटते, हे त्यांनी पाहिले. म्हणून आयांनी बाळाजवळ यावे, अंगावर पाजावे, असा त्यांचा आग्रह होता. माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत दूरदृष्टीचा माणूस तोच. पण पुढचे अर्धे शतक त्याचे कुणी ऐकले नाही. पेटीच लोकांना अधिक भुलवत राहिली. 1896 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात जिवंत बाळांसह पेट्या मांडल्या गेल्या आणि तिकिटे काढून लोकांनी त्या पाहिल्या. अमेरिकेत मार्टिन कूनी यांनी 1903 पासून 1943 पर्यंत न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर, पाळणे आणि झुल्यांच्या जत्रेत, अशीच बाळे दाखवली. पालकांकडून त्यांनी पैसा घेतला नाही. खर्च तिकिटांतून निघे. त्यांच्या वैद्यकीय पदवीविषयी आज शंका घेतली जाते, पण रुग्णालयांनी ज्यांची आशा सोडली होती अशी हजारो मुले या मंडपात वाचली.

रुग्णालयांनी पेटी मनापासून स्वीकारली तेव्हा तिच्यात ऑक्सिजनही सोडला आणि तिथे एक मोठी चूक घडली. 1942 मध्ये बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांनी या मुलांमधल्या एका नव्या अंधत्वाचे वर्णन केले. त्याचे कारण अतिरेकी ऑक्सिजन आहे, हे मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांच्या 1951 च्या निबंधाने सुचवले आणि पुढच्या तीन वर्षांत ते सिद्ध झाले. तोवर जगभरात सुमारे 10,000 मुलांची दृष्टी गेली होती. मग हात आखडला, तर श्वासाअभावी मृत्यू वाढले. आज बाळाच्या तळपायाला बांधलेला छोटा लाल दिवा रक्तातला ऑक्सिजन क्षणोक्षणी मोजतो. त्याच्यामागे एवढी मोठी किंमत आहे.

त्यानंतरचा काळ वेगाचा आहे. 1959 मध्ये मेरी एलन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले, की फुप्फुसांतल्या सूक्ष्म पिशव्या मिटू न देणारा लेप या बाळांत पुरेसा तयार झालेला नसतो. 1960 मध्ये लुई ग्लक यांनी येल येथे पहिला नवजात अतिदक्षता विभाग उभारला. बाळांना अलग खोल्यांत कोंडण्यापेक्षा हात धुणे अधिक उपयोगी, हा त्यांचा धडा. 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा पॅट्रिक 39 तासांत गेला, आणि फुप्फुसांच्या या आजाराकडे साऱ्या जगाचे लक्ष वळले. 1972 मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन पोटातच बाळाची फुप्फुसे पिकवली. 1980 मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी तो लेपच बाहेरून दिला.

आणि मग आई परतली. 1978 मध्ये बोगोतात पेट्या पुरेनात, तेव्हा एदगार रे यांनी बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधली. हीच 'कांगारू मदर केअर'. 1989 मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर रुग्णालयाचीच वाट पाहिली नाही. 39 गावांतल्या बायकांना त्यांनी बाळाचे वजन करणे, ऊब देणे, थांबलेला श्वास सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे शिकवले. तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. आज आशाताई घरोघरी जाऊन बाळ पाहतात, त्या कामाचे मूळ या गावांत आहे.

2021 मध्ये भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. एक ते 1.8 किलोंच्या बाळांना, प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवले, तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू चतुर्थांशाने घटतात. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्या अभ्यासात होते. तिथे अतिदक्षता विभागातच, यंत्रांच्या शेजारी, आईची खाट आहे.