जठरव्रणाचे खरे कारण

आम्लाशिवाय जठरव्रण (अल्सर) होत नाही, असे मत झाग्रेबचे शल्यचिकित्सक श्वार्झ यांनी १९१० साली मांडले. पुढची सत्तर वर्षे सारे उपचार आम्लाभोवतीच फिरत राहिले.

१९७६ साली ब्रिटनमध्ये जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिमेटिडीन हे औषध आले. आम्ल स्रवण्याचा हिस्टामिनचा संदेश ते जठराच्या पेशींपर्यंत पोहोचू देत नाही. व्रण काही आठवड्यांत भरून येई. पण गोळ्या थांबवल्या की पुष्कळांना तो पुन्हा होई. असे का व्हावे?

याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे मिळाले. १९८२ साली रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी रुग्णांच्या जठरातील नागमोडी जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. १९८४ साली मार्शल स्वतःच तो प्यायले आणि त्यांच्या जठराला दाह झाला. या शोधाला २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आज छत्रपती संभाजीनगरातल्या औषध दुकानांत ओमेप्रॅझोल मिळते. त्याने आम्ल घटते, पोट शांत होते. जिवाणू मात्र तसाच राहू शकतो. म्हणून आधी तपासणी हवी. जिवाणू आढळल्यास डॉक्टर ओमेप्रॅझोलसोबत प्रतिजैविके देतात, बहुधा १४ दिवस. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडल्यास उरलेले जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. उपचारानंतर महिन्याभराने फेरतपासणी करावी.

ॲस्पिरीन, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनीही व्रण होतो. अशा गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना सांगाव्यात. शौचास काळे झाल्यास किंवा उलटीत रक्त दिसल्यास तडक रुग्णालय गाठावे. दुखणे थांबणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे, हे विद्यार्थ्यांना या इतिहासातून सहज पटेल.