साखळीने आखलेला मुलूख

भूमी अभिलेख खात्यात हयात गेलेल्या माणसाला आयोवातून गाडीने नेऊ नये. तो देखावा बघत नाही, मोजत बसतो. सीडर रॅपिड्सच्या पुतण्याकडून नेब्रास्कातल्या भाचीकडे निघालो. हायवे सोडला की दर मैलाला काटकोनात फाटा. पुतण्या म्हणाला, "काका, झोपा जरा. पुढेही हेच आहे."

हे सुरू झालं 1785 च्या कायद्याने. ओहायो नदीपलीकडची जमीन सरकारला विकायची होती, म्हणून आधी मोजायला घेतली. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, प्रत्येक 640 एकरांचा. सोळावा शाळेसाठी राखीव. तीच आखणी पुढे सरकत नेब्रास्कापर्यंत आली. मोजणी गुंटर साखळीने, 66 फुटांच्या. आपली शंकू साखळी 33 फुटांची, बरोब्बर निम्मी; तिच्या चौरसाचा गुंठा. इथल्या खडीच्या रस्त्यांची हद्दही बहुतेक ठिकाणी 66 फूटच.

मध्येच नाकासमोरचा रस्ता संपतो, जरा बाजूला सरकतो आणि पुन्हा उत्तरेला लागतो. पृथ्वी गोल, रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येत जातात, चौकोन बसणार कसे? म्हणून ठरावीक अंतरावर करेक्शन लाइन. आलेला फरक कागदात न जिरवता जमिनीवर उघडा ठेवणारे मोजणीदार मला आवडले.

खटकलं ते एकच. या मुलखात गावठाण नाही. आपल्याकडे इंग्रजांची मोजणी आली तेव्हा घरं, बांध, पाणंदी सगळं होतंच. नकाशा वेडावाकडा निघाला, पण माणसांप्रमाणे निघाला. इथे चौकोन आधी. 1862 च्या होमस्टेड कायद्याने पाव सेक्शन, म्हणजे 160 एकर मिळत, पण पाच वर्षं त्याच जमिनीवर राहून ती कसायची. मग घर शेतातच. बिअ‍ॅट्रिसजवळ डॅनियल फ्रीमनची जमीन पाहिली. कायदा लागू झाला त्याच दिवशी, 1 जानेवारी 1863 ला, त्याने अर्ज केला होता. ओसरीवरून हाक मारावी असा शेजार कुठेच नाही. पुढे शेतं मोठी झाली, घरं पडली. वारा अडवायला लावलेली झाडं मात्र कुठेकुठे अजून रांगेत उभी आहेत.

आणि मुलूख रिकामा नव्हताच. बिअ‍ॅट्रिसच्या बाजूचे ओटो-मिसूरिया लोक 1881 मध्ये आजच्या ओक्लाहोमात हलवले गेले. आयोवातल्या मेस्क्वाकींनी वेगळंच केलं. कॅन्ससला धाडलेले ते लोक परतले आणि 1857 मध्ये टामाजवळ 80 एकर स्वतःच्या पैशाने विकत घेतले. आजही तिथेच आहेत, खरेदीने वाढवलेल्या हजारो एकरांवर. टामातच लिंकन हायवेचा 1915 चा पूल आहे; त्याच्या कठड्यात रस्त्याचं नाव काँक्रीटच्या अक्षरांत उभं केलंय. बोट फिरवून पाहिलं.

भाची डॉक्टर. 1994 पासून एक सवलत आहे: शिकायला आलेल्या परदेशी डॉक्टराने डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षं काढली, तर मायदेशी परतायची अट माफ. होमस्टेडवाल्याला पाच, हिला तीन. तिची मुदत केव्हाच संपली. "मग शहरात का जात नाहीस?" विचारलं.

"मामा, पुढचं हॉस्पिटल उत्तरेला तीस मैल आणि पश्चिमेला बारा. रात्री बाळंतीण आली तर पाठवू कुठे?"