ऑटोमॅटिक मोटार ओढून नेताना : बंद इंजिन आणि फिरती चाके

अमेरिका आणि कॅनडात मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर घेऊन महिनोन्‌महिने भटकंती करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. बसएवढ्या या वाहनात स्वयंपाकघर, झोपण्याची जागा, न्हाणीघर असे सारे काही असते. मात्र एकदा ते तळावर उभे करून पाण्याची नळी आणि विजेची तार जोडली, की दूध-भाजी आणण्यासाठी पुन्हा हलविणे जिवावर येते. म्हणून अनेक जण मोटारहोमच्या मागे एक छोटी मोटार जोडून नेतात. मोठ्या जहाजामागे बांधलेल्या होडीवरून तिला तिकडे ‘डिंगी’ असे नाव पडले आहे.

ही छोटी मोटार हाताने गिअर बदलण्याची असेल, तर प्रश्न पुष्कळसा सोपा असतो. ती ऑटोमॅटिक असेल, तर मात्र साध्या वाटणाऱ्या प्रवासात तिचा गिअरबॉक्स कायमचा निकामी होऊ शकतो. आपल्याकडे मोटारहोम क्वचितच दिसते. परंतु ऑटोमॅटिक मोटारी आता शहरांत आणि गावांतही सर्रास दिसतात. त्यांपैकी एखादी चोर्ला किंवा अनमोड घाटात बंद पडली आणि कोणी मदतीच्या भावनेने दोर बांधला, तर धोका तोच असतो. म्हणून हे तंत्र समजून घेणे मोटारहोमवाल्यांइतकेच इथल्या वाहनधारकांनाही उपयुक्त आहे.

नुकसान नेमके कशाने होते?

पारंपरिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लच पेडल नसते. इंजिन आणि गिअर यांना टॉर्क कन्व्हर्टर जोडतो. आतील दंतचक्रे, क्लचच्या चकत्या आणि बेअरिंग यांना वंगण मिळते ते दाबाखाली फिरणाऱ्या तेलातून. हा दाब निर्माण करणारा पंप इंजिनच्या गतीवर चालतो. इंजिन बंद, की पंप बंद.

मोटार ओढली जाते तेव्हा इंजिन बंद असते, पण चाके फिरत असतात. शक्ती मिळणारी चाके जमिनीवर असतील, तर ती गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरवत राहतात. भाग फिरतात, तेल मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. घर्षणाने उष्णता वाढते, चकत्या करपतात, बेअरिंग घासले जातात. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली म्हणजे झाले, हा समज म्हणूनच अपुरा आहे. न्यूट्रलमुळे इंजिनचा संबंध तुटतो. चाकांचा गिअरबॉक्सशी असलेला संबंध तुटत नाही.

‘पी’ म्हणजे पार्किंगमध्ये गाडी ओढणे तर त्याहून वाईट. या स्थितीत गिअरबॉक्समधील एक छोटा खटका दंतचक्रात अडकून चाके रोखून धरतो. बळजबरीने ओढल्यास तो खटका किंवा चक्राचे दाते तुटतात.

सर्व ऑटोमॅटिक सारख्या नसतात

बाजारात ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या रचना विकल्या जातात आणि ओढण्याचा नियम प्रत्येकीचा वेगळा आहे.

टॉर्क कन्व्हर्टर : वर वर्णन केलेली पारंपरिक रचना. चालक चाके, म्हणजे इंजिनची शक्ती मिळणारी चाके, जमिनीवर ठेवून ओढणे बहुतेक वेळा घातक.

सीव्हीटी : यात ठरावीक गिअर नसतात, दोन पुलींमधून फिरणारा पोलादी पट्टा गती बदलतो. पट्ट्यावरील पकड तेलाच्या दाबावर अवलंबून असते. दाब नसताना पट्टा घसरला तर पट्टा आणि पुली दोन्ही खराब होतात.

दुहेरी क्लच : काही कंपन्या न्यूट्रलमध्ये कमी वेगाने आणि थोड्या अंतरापर्यंत ओढण्यास परवानगी देतात, काही अजिबात देत नाहीत.

एएमटी : २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओपासून भारतात छोट्या मोटारींमध्ये रुळलेली ही रचना. गिअरबॉक्स साध्या मोटारीचाच असतो. क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही कामे यंत्रणा करते. त्यामुळे वंगणाच्या दृष्टीने ती अधिक सोशिक आहे. अडचण वेगळीच येते. बॅटरी उतरली तर गाडी गिअरमध्येच अडकून राहते आणि न्यूट्रलमध्ये आणता येत नाही.

विद्युत मोटारी आणि हायब्रीड : चाके फिरली की अनेक गाड्यांतील मोटर जनित्रासारखी वीज निर्माण करू लागते. गाडी बंद असताना ही वीज आणि उष्णता यंत्रणेला हानी पोहोचवू शकते. अशा गाड्या चारही चाके उचलूनच न्याव्यात.

चालक चाके कोणती?

बहुतेक छोट्या मोटारींत इंजिनची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. परंतु हा सार्वत्रिक नियम नव्हे. टाटा नॅनोचे इंजिन मागे होते आणि शक्तीही मागच्या चाकांना मिळत असे; तिची एएमटी आवृत्तीही निघाली होती. एमजी कॉमेट या छोट्या विद्युत मोटारीतही मागचीच चाके गाडी ढकलतात. सवयीने पुढची चाके उचलून अशी गाडी नेली, तर नेमकी चुकीची चाके रस्त्यावर फिरत राहतात. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीची दोन चाके उचलून उपयोग नाही. उरलेली दोन गिअरबॉक्स आणि जोडयंत्रणेला फिरवत राहतात.

मोटारहोममागे नेण्याच्या तीन पद्धती

पहिली पद्धत ट्रेलरची. मोटार पूर्णपणे ट्रेलरवर चढवून पट्ट्यांनी बांधली जाते. चाके फिरतच नसल्याने गिअरबॉक्स कोणताही असो, धोका राहत नाही. तोटा वजनाचा. ट्रेलरचे वजन मोटारीच्या वजनात मिळते आणि तळावर रिकामा ट्रेलर ठेवण्याची सोय शोधावी लागते.

दुसरी पद्धत डॉलीची. दुचाकी डॉलीवर मोटारीची पुढची दोन चाके चढवितात, मागची रस्त्यावर धावतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकसाठी ही पद्धत सोयीची आहे. मात्र हँडब्रेक सोडण्यास विसरल्यास मागचे ब्रेक जळतात.

तिसरी पद्धत चारही चाके जमिनीवर ठेवून टो बारने ओढण्याची. जोडणे-सोडणे काही मिनिटांचे काम असल्याने ती सर्वांत लोकप्रिय आहे. ऑटोमॅटिक मोटारीसाठी सर्वांत जोखमीची पद्धतही हीच. उत्पादकाने माहितीपुस्तिकेत स्पष्ट परवानगी दिली असेल, तरच ती वापरावी.

ही परवानगी मॉडेलगणिक आणि वर्षागणिक बदलते. अमेरिकेत विकली जाणारी होंडा सीआर-व्ही हे त्याचे ठळक उदाहरण. २०१४ पर्यंतच्या तिच्या ऑटोमॅटिक मॉडेलला चार चाकांवर ओढण्याची मुभा होती. त्यासाठी आधी इंजिन चालू ठेवून ठरलेल्या क्रमाने गिअर फिरविणे, वेग ताशी ६५ मैलांच्या, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरच्या आत ठेवणे आणि लांबच्या प्रवासात दर आठ तासांनी तीच क्रिया पुन्हा करणे, अशा अटी होत्या. २०१५ मध्ये त्याच गाडीला सीव्हीटी बसविली गेली आणि मुभा संपली. नाव तेच, रूपही जवळपास तेच. नियम मात्र उलटा. जीप रँग्लरमध्ये चाके आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये असलेली ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये टाकता येते. तेव्हा गिअरबॉक्स चाकांपासून पूर्ण सुटतो. म्हणून मोटारहोमवाल्यांची ती आवडती गाडी आहे.

वजन, ब्रेक आणि वळण

मोटारहोम किती ओढू शकते, हे इंजिनच्या ताकदीवरून ठरवायचे नसते. वाहन आणि मागचे ओझे मिळून उत्पादकाने ठरविलेल्या कमाल वजनातून भरलेल्या मोटारहोमचे वजन वजा करावे लागते. पाण्याची टाकी, इंधन, सामान आणि माणसे यांसह ते काट्यावर तोलणे श्रेयस्कर. मोटारहोमचा हूक, टो बार आणि मोटारीवरील जोडपट्टी यांतील ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तीच संपूर्ण साखळीची मर्यादा.

मागच्या मोटारीचे इंजिन बंद असल्याने तिच्या ब्रेकला मिळणारी मदतही बंद असते. उतारावर हजार किलोचे ओझे पुढच्या वाहनाला ढकलू लागते. त्यासाठी मोटारहोमचा ब्रेक दाबताच मागच्या मोटारीचाही ब्रेक लागेल अशी पूरक यंत्रणा बसवितात. जोड तुटल्यास मागची मोटार आपोआप थांबविणारा ब्रेकअवे स्विच आणि हुकाखाली फुलीसारख्या अडकविलेल्या दोन साखळ्या, हे शेवटचे संरक्षण. ब्रिटनमध्ये अशा रीतीने जोडलेली मोटार ट्रेलर मानली जाते आणि ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत.

टो बारने जोडलेली मोटार मागे घेता येत नाही. पुढची चाके आडवी वळतात आणि टो बार वाकतो. चुकीच्या गल्लीत शिरल्यास मोटार सोडविणे हाच मार्ग.

निघण्यापूर्वीची तपासणी

स्टिअरिंगचे कुलूप उघडे आहे, गिअर पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत आहे आणि हँडब्रेक सोडलेला आहे, याची खात्री करावी. किल्ली चालू स्थितीत राहिल्याने बॅटरी उतरू शकते, म्हणून तिच्या चार्जिंगची सोय असावी. मागच्या मोटारीचे ब्रेकचे आणि वळणाचे दिवे पुढच्या वाहनाबरोबर लागले पाहिजेत. सुरुवातीच्या काही किलोमीटरनंतर थांबून टायर आणि चाकांचे मधले भाग हाताने तपासावेत. एखादे चाक अधिक तापले असेल, तर त्याचा ब्रेक अडकलेला असण्याची शक्यता असते.

आपल्या घाटरस्त्यांवर

बंद पडलेली ऑटोमॅटिक मोटार ढकलून सुरू होत नाही, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवावी. दुसरी, दोराने ओढण्याचा मोह टाळावा. इंजिन बंद असताना ब्रेक पेडल दोन-तीनदा दाबल्यावर घट्ट होते आणि स्टिअरिंग जड होते. पावसाळ्यातील निसरड्या उतारावर, पाच मीटरच्या दोरामागे ही स्थिती गिअरबॉक्सपेक्षा जिवाला अधिक धोक्याची आहे.

मदत मागविताना केवळ ‘क्रेन पाठवा’ असे न सांगता गाडीचे मॉडेल, ती ऑटोमॅटिक असल्याचे आणि चालक चाके कोणती हे सांगावे. फ्लॅटबेड, म्हणजे सपाट फळीचे वाहन, मागवावे. गाडी तळघरातील पार्किंगमध्ये असेल, तर छताची उंचीही कळवावी. फ्लॅटबेड उपलब्ध नसल्यास चालक चाके उचलणारी क्रेन हा पुढचा पर्याय. बॅटरी उतरून गिअर ‘पी’मध्ये अडकला असेल, तर अनेक गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ छोट्या झाकणाखाली खटका असतो, तो दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणता येते. अवजारांच्या पिशवीतील टो हूक बंपरमधील झाकण काढून बसवितात. गाडी फळीवर खेचण्यापुरता त्याचा उपयोग करावा. विमा नूतनीकरण करताना रस्त्यावरील मदतीची जोडसेवा घेतली आहे का आणि तीत फ्लॅटबेड किती किलोमीटरपर्यंत मिळते, हेही पाहून ठेवावे.

पुस्तिकेतील ‘वाहन ओढणे’ हे पान बहुतेकांनी उघडलेले नसते. गाडी घरासमोर धडधाकट उभी असतानाच ते वाचून, त्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवले, तर घाटात रेंज नसतानाही योग्य निर्णय घेता येतो.