पोह्यांबरोबर शेंगदाणे : एका मोजमापाची कुळकथा

कोणत्या जिनसेबरोबर कोणती जिन्नस जाते, हे किराणा दुकानदाराला तोंडपाठ असते. पोहे बांधता बांधता तो ‘शेंगदाणे आहेत का घरात?’ असे विचारतो. पण हे ज्ञान हिशेबात कधी उतरले नाही. कीर्दीत दिवसाची जमा-नावे, खतावणीत माणसागणिक येणे-देणे. उधारीच्या वहीत जिनसा लिहिल्या जात खऱ्या; रक्कम चुकती झाली की त्या पानावर काट मारली जाई.

26 जून 1974 रोजी अमेरिकेतील ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचे पाकीट बारकोडने विकले गेले. पुढे प्रत्येक पावती जिनसांसकट यंत्रात साठू लागली. तिच्यावरचे गणित 1993 मध्ये आयबीएमच्या राकेश अगरवाल, टोमाझ इमिएलिन्स्की आणि अरुण स्वामी यांनी मांडले. दोन जिनसा एकूण किती पावत्यांत एकत्र येतात तो ‘सपोर्ट’. पहिली असलेल्या पावत्यांपैकी कितींत दुसरी असते तो ‘कॉन्फिडन्स’. पुढच्याच वर्षी अगरवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांची ‘अप्रायोरी’ रीत आली : जी जोडीच विरळ, तिच्यात तिसरी जिन्नस घालून मोजायचे कारण नाही. लाखो पावत्यांची मोजणी त्यामुळे आवाक्यात आली.

कॉन्फिडन्स मात्र फसवतो. समजा, 1000 पावत्यांपैकी 200 मध्ये पोहे आहेत, 800 मध्ये साखर आणि 300 मध्ये शेंगदाणे. पोह्यांच्या 160 पावत्यांत साखर निघाली, म्हणजे 80 टक्के. शेंगदाणे 120 मध्ये, म्हणजे 60 टक्के. साखरेचे नाते घट्ट वाटते, पण साखर एरवीही 80 टक्के पावत्यांत असतेच. शेंगदाणे एकूण पावत्यांत 30 टक्के, पोह्यांबरोबर दुप्पट. खरी जोडी ही. या दुपटीलाच आज ‘लिफ्ट’ म्हणतात. सेर्गेई ब्रिन, राजीव मोटवानी आणि सहकाऱ्यांनी 1997 च्या निबंधात हे गुणोत्तर ‘इंटरेस्ट’ या नावाने घेतले होते. या कुळकथेतला सर्वांत मोलाचा टप्पा हाच.

तरीही पावती म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. सांगलीच्या विश्रामबागेत महिन्याचा किराणा एकदम भरणारी घरे आहेत, तसेच विलिंग्डन आणि वालचंद महाविद्यालयांचे विद्यार्थीही. घरची यादी चाळीस जिनसांची, विद्यार्थ्याची पावती दूध-बिस्किटांची. दोन्ही एकत्र मोजल्या, तर उदबत्ती आणि तूरडाळ यांचीही लिफ्ट एकाच्या वर जाते. कारण एवढेच, की दोन्ही लांब यादीत असतात. म्हणून लांब आणि आखूड पावत्या वेगळ्या काढून मगच जोड्या मोजाव्या लागतात.